चारी ताब्यात आली, आता सांभाळायची कशी?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लघुवितरिकेवरची, म्हणजे कालव्याच्या फाट्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या चारीवरची, तुमची पाणी वापर संस्था 2005 च्या कायद्याखाली झाली, चारी खात्याकडून संस्थेकडे आली त्या हस्तांतरणालाही काही वर्षं लोटली, पण चारीची अवस्था आधीपेक्षा वाईट आहे. टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही म्हणून टेलचे लोक पाणीपट्टी भरत नाहीत, पट्टी येत नाही म्हणून दुरुस्ती होत नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पाणी पोचत नाही. जलसंपदा खात्याचं शाखा कार्यालय म्हणतं चारी संस्थेची, शेतकरी म्हणतात चारी सरकारची. त्यातच टेल भागातून तुम्ही अध्यक्ष झालात. रब्बीचं पहिलं आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस पाणी सुटणं, तोंडावर आहे आणि वर्गणी काढून जेसीबी लावायचा असं मंडळात घाटतंय. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी खात्यात शाखा अभियंता म्हणून कालव्यावर आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर अनेक संस्थांबरोबर चाऱ्यांवरून चाललो. त्या अनुभवावरून पहिली विनंती: जेसीबी आठ दिवस थांबवा. त्याआधी करायची कामं स्वस्त आहेत आणि त्यांच्यावाचून जेसीबीचा पैसा पाण्यात जाईल. का ते सांगतो, पण आधी मालकीचा घोळ मिटवू.

कायद्याचं लांबलचक नाव आहे महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005. त्याचे नियम 2006 मध्ये आले. त्याआधीच्या पाणी वापर संस्था सहकार कायद्याखाली नोंदवलेल्या असत. ज्याला वाटेल तो सभासद व्हायचा, बाकीचे बाहेर राहून पाणी घ्यायचे. नव्या कायद्यानं ही फट बुजवली. आता संस्थेचं कार्यक्षेत्र गावाच्या शिवेवर ठरत नाही, पाणी कुठून कुठे वाहतं यावर ठरतं. एका लघुवितरिकेखाली तीन गावांची जमीन भिजत असेल तर तिन्ही गावांचे शेतकरी एकाच संस्थेत येतात, आणि त्या क्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक सभासद असतो. लघुवितरिका, वितरिका, कालवा आणि प्रकल्प अशा चार पायऱ्या आहेत. तुमची पायरी सगळ्यात खालची, पण शेताला पाणी लावणारी तीच. संचालक हेड (चारीचं सुरुवातीचं तोंड), मध्य आणि टेल या तिन्ही भागांतून सारखे घ्यायचे आणि अध्यक्षपद या भागांत फिरतं ठेवायचं, ही तरतूदही विचारपूर्वक केलेली आहे. तुम्ही त्या खुर्चीवर आहात त्यामागे कुणाची मेहेरबानी नाही, कायद्याचा हिशोब आहे. मंडळात कुणी तसं सुचवलं तर हे शांतपणे सांगा.

तर चारी कुणाची? जमीन आणि बांधकाम शासनाचं, ते तसंच राहतं. संस्थेकडे येतं ते चालवणं, सांभाळणं, पाणी वाटणं आणि पट्टी गोळा करणं. धरण, मुख्य कालवा आणि तुमच्या हेडच्या गेटपर्यंतची वाट ही खात्याची जबाबदारी. गेटखाली जिथे पाणी मोजून तुमच्या हवाली केलं जातं, तिथून पुढे संस्थेची. म्हणजे शाखा कार्यालय निम्मं खरं बोलतंय. दुसरा निम्मा भाग तुमच्या दप्तरात असायला हवा. हस्तांतरणापूर्वी खात्याच्या आणि संस्थेच्या लोकांनी मिळून चारीवरून चालत संयुक्त पाहणी केलेली असते, कुठे काय मोडलंय त्याची यादी केलेली असते आणि ती कामं करून मग चारी द्यायची असते. तो पाहणी अहवाल आणि करारनामा शोधा. नसेल तर शाखा कार्यालयाकडे लेखी मागा आणि पोच घ्या. मी पाहिलेल्या बऱ्याच संस्थांत ही यादी फायलीतच पडून होती. एका ठिकाणी यादीतल्या मोऱ्या कधी दुरुस्तच झाल्या नव्हत्या. संस्थेनं ती यादी पुढे ठेवली तेव्हा ते काम खात्यानं केलं, उशिरा केलं, पण केलं. तुमच्या वर्गणीतून करायची कामं आणि खात्याकडे मागायची कामं या दोन वेगळ्या याद्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय वर्गणी काढू नका.

आता मुख्य गोष्ट. कायद्यानं सगळ्यात मोठा बदल कशात केला असेल तर तो मोजमापात. पूर्वी पाण्याचा हिशोब हेक्टरावर आणि पिकावर होता: इतके एकर ऊस, इतके एकर गहू, भरा इतके रुपये. चारीत गळती झाली काय, बांध फुटून नाला वाहिला काय, बिल तेच. आता संस्थेला हंगामासाठी पाण्याचा कोटा मिळतो, तो घनमापात असतो, आणि बिलही घनमापानं येतं. आणि मोजणी होते ती तुमच्या हेडला. गेटमधून जे सुटलं ते तुमच्या खात्यावर पडलं. पुढे ते शेतात गेलं की खेकड्याच्या बिळात, हे खातं विचारत नाही. त्यामुळे गळणारी चारी म्हणजे तुमच्याच कोट्यातून, तुमच्याच पैशानं विकत घेतलेलं पाणी सांडणं आहे. हे सभासदांना आकड्यांत दाखवलंत तर देखभालीची चर्चाच बदलते. मी हा प्रयोग कितीतरी सभांत केला आहे, तो असा.

समजा तुमच्या हेडला सेकंदाला 150 लिटर पाणी येतं, म्हणजे साधारण सव्वापाच क्युसेक (सेकंदाला घनफूट). चोवीस तासांचे 12,960 घनमीटर झाले. बारा दिवसांचं आवर्तन धरलं तर 1,55,520 घनमीटर. चारीत शंभरातले चाळीस गळत असतील तर शेतापर्यंत 93,312 पोचतात. साफसफाई आणि बांधांची दुरुस्ती करून गळती पंचविसावर आणली तर 1,16,640 पोचतात. फरक 23,328 घनमीटरचा. एका हेक्टरला एका पाळीत सात सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हणजे 700 घनमीटर. भागाकार करा: तेहतीस हेक्टर. एका आवर्तनात तेहतीस हेक्टरांची एक पाळी, कोट्याचा एक थेंबही न वाढवता, बिलाचा एक रुपयाही न वाढवता. टेलचा जो पट्टा कोरडा राहतो तो बहुतेक चाऱ्यांवर याच मापाचा असतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या चारीचे आकडे तुम्हीच काढायचे आहेत, आणि ते काढणं कठीण नाही.

गळती मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या आवर्तनात केलं असतंत तर आता उत्तर हाती असतं, पण येत्या आवर्तनात चारी भरून प्रवाह स्थिरावला की लगेच करा. चारीचा सरळ, एकसारख्या रुंदीचा तुकडा निवडा, 30 मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका, वरच्या खुंटीपाशी मध्य प्रवाहात एक लिंबू सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. चार-पाच वेळा करून सरासरी घ्या. समजा 75 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगानं धावतं, म्हणून त्याला 0.85 नं गुणा. मग चारीची रुंदी आणि तीन-चार ठिकाणी खोली मोजून पाण्याचा छेद, म्हणजे रुंदी गुणिले सरासरी खोली, काढा. छेद 0.4 चौरस मीटर असेल तर सेकंदाला 136 लिटर वाहतंय. हेच हेडजवळ करा आणि हेच मध्ये व टेलला करा, मधली सगळी दारं बंद ठेवून. दोन आकड्यांतला फरक ही तुमची गळती. अगदी तंतोतंत उत्तर येणार नाही, पण कोणत्या किलोमीटरमध्ये पाणी जातंय ते लख्ख दिसेल. माझा अनुभव असा की गळती चारीभर सारखी पसरलेली नसते. दोन-तीन तुकडेच बहुतेक पाणी खातात. सगळी चारी खरवडण्यापेक्षा ते तुकडे आधी दुरुस्त करा.

तुमच्या हेडला मोजणीसाठी फ्ल्यूम बांधलेला असेल, अरुंद गळ्याचा, बाजूला मोजपट्टी रंगवलेला. त्याच्याबद्दल एक गोष्ट मनावर घ्या, कारण ती मी फार कमी संस्थांत पाळलेली पाहिली. फ्ल्यूमच्या खालच्या बाजूला गाळ आणि गवत साचलं की पाणी मागे फुगतं. मोजपट्टीवर पाण्याची उंची जास्त दिसते, आणि कोष्टकात त्या उंचीपुढे लिहिलेला विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, प्रत्यक्षापेक्षा मोठा असतो. म्हणजे तुम्हाला पाणी कमी मिळतं आणि बिल जास्त येतं. फ्ल्यूमखालचा पन्नास-साठ मीटरचा पट्टा आवर्तनाआधी स्वच्छ करणं हा वर्षातला सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. जेसीबी यायच्या आधीच चार माणसं लावून हा पट्टा मोकळा करा. दुसरं असं की मोजपट्टीचं वाचन सकाळ-संध्याकाळ व्हायलाच हवं. खात्याचा मोजणीदार आणि तुमचा माणूस दोघांनी मिळून वाचावं, नोंदवहीत दोघांच्या सह्या व्हाव्यात. ज्या दिवशी गेट मध्येच बंद झालं, ज्या रात्री कालव्याची पातळी उतरली, ते तास लिहिले गेले नाहीत तर बिलाच्या वेळी तुमच्या हाती काही राहत नाही. या वहीवर तुमच्या संस्थेचा सगळा कारभार उभा राहणार आहे.

आता जेसीबी का थांबवायचा ते. चारीला ठरलेला उतार असतो आणि प्रत्येक दाराचा उंबरा त्या उतारावर बेतलेला असतो. जेसीबीचा चालक गाळ काढता काढता मूळ तळ खणून पुढे जातो. त्याचं काम छान दिसतं, चारी खोल आणि मोकळी होते. पाणी सुटलं की कळतं की पातळी दारांच्या उंबऱ्याखाली गेली आहे. मग हेडचे लोक चारीत दगड, पोती, पत्रे टाकून पाणी चढवतात. त्या अडथळ्यांमागे गाळ बसतो आणि टेल पुन्हा कोरडा राहतो. एका गावात हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. वर्गणीचा सगळा पैसा त्या खोदाईत गेला आणि पुढच्या आवर्तनाला परिस्थिती आधीपेक्षा बिघडली. लोकांचा संस्थेवरचा विश्वास गेला तो वेगळाच. म्हणून आधी मोऱ्या, प्रपात (पाणी खाली उतरवणारी पायरी) आणि दारांच्या पक्क्या बांधकामांवर मूळ तळाची खूण शोधा. शाखा कार्यालयातून चारीचा लांबछेद, म्हणजे तळाचा उतार दाखवणारा नकाशा, मागून घ्या. पाण्याची नळी धरून लेव्हल काढता येणारा गवंडी गावात असतोच. दर तीस मीटरवर खुंटी ठोका, तिच्यावर रंगानं तळाची रेघ मारा आणि मगच मशीन आत सोडा, तेही संस्थेचा माणूस समोर उभा ठेवून. काढलेला गाळ बांधाच्या आतल्या कडेला ठेवू देऊ नका, पहिल्या पावसात तो परत चारीत येतो.

बरीचशी कामं मशीनची नाहीतच. बेशरम आणि पाणकणीस मुळासकट काढावं लागतं, नुसतं कापलं तर महिन्यात परत उभं राहतं. बांधावरची वेडी बाभूळ लहान असतानाच उपटा, मोठी झाली की मुळं अस्तर फोडतात. खेकड्याच्या आणि घुशीच्या बिळाच्या तोंडावर सिमेंट थापणं म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणं. बीळ शेवटपर्यंत उकरून, ओल्या चिकणमातीनं थर देत देत धुमसानं ठोकून भरावं लागतं. काळ्या मातीचा बांध खचला असेल तर त्याच चारीतली काळी माती परत त्यावर टाकू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि पहिलं पाणी त्या भेगांतूनच निघून जातं. मुरूम आणा, पाणी मारत थराथरानं ठोका. गेटच्या स्क्रूला वर्षातून दोनदा ग्रीस लावा. गेट वाकलं, अडलं की लोक ते कायमचं अर्धं उघडं सोडतात आणि तिथून वाटपाचा सगळा क्रम मोडतो. ऊसतोडीच्या गाड्यांसाठी बांध फोडून केलेल्या वाटा असतील तर तिथे पाईप घालून रीतसर वाट द्या. वाट नाकारलीत तर बांध रात्री पुन्हा फुटेल.

ही कामं कधी करायची? आपलं सिंचनाचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. 15 ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे त्यावर रब्बी आणि उन्हाळ्याचं नियोजन ठरतं, कालवा सल्लागार समितीत आवर्तनांच्या तारखा निघतात. म्हणजे पावसाळा संपल्यापासून पहिल्या आवर्तनापर्यंतचे तीन-चार आठवडे ही देखभालीची खरी खिडकी. दुसरी मे-जूनमध्ये, पण तेव्हा लोक खरिपाच्या तयारीत असतात. बांधकामाची कामं उन्हाळ्यात ठेवा, साफसफाई ऑक्टोबरात.

आणि हे आपल्याकडे नवं नाही. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे फड. एका फडात एकच पीक, दर वर्षी फडांची पिकं आळीपाळीनं बदलायची. शेतकऱ्यांनी निवडलेले पंच कारभार पाहायचे, पाटकरी पाणी लावायचा, जागल्या राखण करायचा. स्वतःच्या शेतात पाणी वळवायचा अधिकार शेतकऱ्याला नसे, ते पाटकऱ्याचं काम. हंगामाआधी पाट साफ करायला जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकानं माणसं द्यायची, नाही दिली तर दंड भरायचा. बघा, तुमच्या संस्थेला जे हवंय ते सगळं यात आहे: कामाची वाटणी जमिनीच्या मापात, वाटप तिऱ्हाईताच्या हातात, आणि नियम मोडला तर शिक्षा ठरलेली. मी कुठल्याही संस्थेला नियमावली करायला सांगतो तेव्हा आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा म्हणतो. जिथे फड होते तिथे लोकांना हे आठवतं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पाचं पाहा. कोलवण नदीवरचं धरण, आणि कालव्याच्या अगदी शेवटाला ओझरचा परिसर. कागदावर लाभक्षेत्र, प्रत्यक्षात पाणी नाही. तिथे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून लोकांना एकत्र केलं आणि 1990 च्या सुमारास टेलला तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. लक्षात घ्या, सुरुवात टेलनं केली. ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांनीच मोजून पाणी मागितलं, नाल्यांवर बंधारे घालून कालव्याचं आणि पावसाचं पाणी जिरवलं, विहिरी जिवंत केल्या, आणि पट्टी वेळेवर भरली. ते पाहून वरच्या भागातही संस्था झाल्या आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आलं. आज तो भाग द्राक्षांसाठी ओळखला जातो. तुम्ही टेलच्या म्हणून अध्यक्षपदाची भीती वाटते असं लिहिलंय. मला तर ती तुमची ताकद वाटते, कारण पाणी मोजण्याची गरज तुम्हालाच सगळ्यात जास्त आहे.

वाटपाबद्दल. पाळी टेलकडून हेडकडे लावा, ही शेजपाळीची जुनी रीत आहे आणि तिच्यामागे न्यायाखेरीज व्यवहारही आहे. पहिल्यांदा चारी भिजायला आणि भरायला जे पाणी लागतं ते एकदाच खर्च होतं. मग खालून वर येत गेलं की वापरून झालेला तुकडा बंद होतो आणि गळतीची लांबी रोज कमी होते. हेडपासून सुरुवात केली तर रोज नवा कोरडा तुकडा भिजवत जावं लागतं, आणि शेवटी टेलला पोचेपर्यंत आवर्तन बंद होतं. एक बारीक मुद्दा नियमावलीत लिहून ठेवा: तासांवर वाटप करणार असाल तर टेलला तासाला कमी पाणी पडतं, म्हणून गळतीच्या प्रमाणात टेलचा वेळ वाढवून द्यायचा. ती वाढ किती, हे तुमच्या लिंबाच्या मोजणीतून निघेल. तुमच्या भावना आणि त्यांच्या भावना यांच्यात वाद घालत बसण्यापेक्षा मोजलेला आकडा समोर ठेवणं केव्हाही बरं.

हेडचे शेतकरी हे ऐकतील का, हा तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न. नुसत्या न्यायाच्या नावानं ऐकणार नाहीत, हे खरं. त्यांना काहीतरी मिळायला हवं. काय मिळू शकतं ते सांगतो. पहिलं, खात्रीची तारीख. आज हेडचा माणूस पाणी दिसलं की घेतो, कारण पुन्हा येईल की नाही याची त्याला खात्री नाही. त्याला पाळीपत्रक हातात द्या, अमुक तारखेला अमुक वाजता तुझी पाळी. ते दोन आवर्तनं पाळून दाखवा, मग त्याची घाई कमी होते. दुसरं, कोट्याच्या आत कोणतं पीक घ्यायचं याचं स्वातंत्र्य. तिसरं, रात्रीच्या पाळ्या. आज रात्रीची पाळी नेहमी त्याच त्याच लोकांच्या वाट्याला येते, बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या आणि एकट्या बायकांच्या. दर आवर्तनाला दिवस-रात्र बदलणारं पत्रक केलंत तर हेडचे छोटे शेतकरी तुमच्या बाजूनं उभे राहतील. सगळा हेड एकजीव नसतो, हे विसरू नका.

एक म्हण त्यांच्याकडून हमखास ऐकाल: गळती वाया जात नाही, विहिरीत उतरते. यात तथ्य आहे आणि ते मान्य करा. चारी पाझरते म्हणून हेडच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी असतं. पण मग विहिरीतलं ते पाणीही सामाईक पाण्याचाच भाग झाला, आणि त्याचा भार फक्त चारीवाल्यांनी का उचलायचा? विहीरवाल्यांनी देखभाल निधीत काही वाटा द्यावा असा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या. रक्कम लहान असू द्या. पैशापेक्षा तत्त्व मान्य होणं महत्त्वाचं, पुढे ते वाढवता येतं.

डोंगळ्यांबद्दल, म्हणजे बांधावरून टाकलेल्या चोरट्या पाईपांबद्दल, तुम्ही लिहिलंय. बांधावरून पाईप टाकून पाणी उपसणारे सगळीकडे असतात आणि ते बहुधा वजनदार असतात. तक्रार कालवा अधिकाऱ्याकडे करता येते, कायद्यात कारवाईची तरतूद आहे, आणि ती करावी लागलीच तर करा. पण पहिलं पाऊल संस्थेचं. एका संस्थेनं केलेला उपाय मला फार आवडला. प्रत्येक डोंगळ्याची जागा, व्यास आणि चालू असलेले तास पाटकऱ्यानं वहीत लिहायचे, आणि आवर्तन संपलं की तितक्या घनमीटरचं बिल त्या माणसाच्या नावानं दुप्पट दरानं काढून फळ्यावर लावायचं. भांडण नाही, पोलीस नाही. पहिल्या हंगामात कुणी भरलं नाही. तिसऱ्या हंगामात बहुतेकांनी पाईप काढले, कारण गावातल्या फळ्यावर नाव लागणं कुणालाच आवडत नव्हतं.

पैशाचं. खात्याचं बिल ठरावीक दरानं येतं. सभासदांकडून किती घ्यायचं हे संस्थेनं ठरवायचं, आणि त्यातला फरक हाच तुमचा देखभालीचा पैसा. अनेक संस्था लोकांना खूश ठेवायला खात्याइतकाच दर लावतात. तशी संस्था दोन-तीन वर्षांत चारीसकट बुडते. खात्याचं बिल, पाटकऱ्यांचा पगार, सचिवाचं मानधन आणि वर्षाची साफसफाई एवढं तरी दरातून निघायलाच हवं, आणि दर वर्षी थोडी रक्कम राखीव निधीत वेगळ्या खात्यावर जायला हवी, कारण एखादी मोरी ढासळली की वर्षभराची पट्टी कमी पडते. शासनाचं अनुदान आलं तर आनंद आहे, पण त्याच्यावर अंदाजपत्रक बेतू नका. वसुली पाळीच्या आधी करा, निम्मी तरी. पाणी घेऊन झाल्यावर पट्टी मागणं फार अवघड असतं आणि कायदेशीर वसुलीची वाट लांबची असते. मात्र टेलच्या लोकांकडून आगाऊ मागताना लेखी कबूल करा की पाणी पोचलं नाही तर रक्कम पुढच्या पाळीत वळती होईल. आणि तो शब्द पाळा.

पाटकऱ्याचा पगार कधीही लांबवू नका. चारशे हेक्टरांच्या आसपासच्या संस्थेला दोन पाटकरी लागतातच, एकाला चोवीस तास चारी राखणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. पाटकरी शक्यतो कुणा संचालकाचा भाचा-पुतण्या नसावा. त्याला दिवसाचे पैसे देऊन रात्रीची अपेक्षा ठेवली तर तो रात्री ज्याच्याकडून चहा-पाणी मिळतं त्याचं दार उघडतो, आणि त्यात त्याचा दोष थोडा आहे.

तर या आठ दिवसांत काय? उद्या सकाळी टेलपासून हेडकडे पायी निघा, उलट नाही. तिन्ही भागांतले एक-एक संचालक, पाटकरी आणि गावातला एक जुना जाणकार बरोबर घ्या. एक वही, एक टेप, खुंट्या, चुना आणि मोबाइल एवढं पुरे. प्रत्येक भगदाड, मोडलेलं दार, पोत्यांचा अडथळा आणि डोंगळा यांचा फोटो आणि अंतर वहीत लिहा. संध्याकाळी याद्या वेगळ्या करा: संस्थेच्या माणसांनी करायचं, मशीननं करायचं, खात्यानं करायचं. खात्याची यादी दुसऱ्या दिवशी पत्रासकट शाखा कार्यालयात द्या. माणसांची यादी जमिनीच्या प्रमाणात वाटा, फडातल्यासारखी: एकरामागे इतके मीटर चारी, खडूनं नावं घालून. हेडच्या मोठ्या शेतकऱ्याच्या वाट्याला मोठा तुकडा येईल आणि तो टेलकडचा द्या, टेलच्या लोकांना हेडकडचा. एकमेकांची चारी साफ केलेली माणसं पुढे पाळीच्या वेळी वेगळं बोलतात, हे मी पाहिलंय.

लांबछेद मिळाला नाही तर कळवा. मोरीवरच्या जुन्या खुणांवरून तळ कसा काढायचा ते मी आकृती काढून पाठवतो. आणि पहिल्या आवर्तनातलं सकाळ-संध्याकाळचं वाचन व तुमच्या लिंबाच्या मोजणीचे आकडे मला पाठवा, गळतीचा हिशोब आपण मिळून करू.